एजंट कोणाची?

माझ्या डोलोरेस आत्यानं अमेरिकेतल्या टोलिडोत तीस वर्षं शाळेची बस चालवली. समोरच्या रस्त्यापेक्षा मागच्या आरशावर तिचा विश्वास जास्त.

रविवारी ती एक विकाऊ घर बघायला गेली. घरमालकाच्या एजंट बाईनं गरम कुकीज पुढे केल्या. "मला तुमचीच समजा, डोलोरेस!"

आत्या मुद्दाम कुजबुजली, "कुणाला सांगू नकोस हं, महिनाअखेर मला भाड्याचं घर सोडायचंय." तसं काहीच नव्हतं.

सोमवारी मालकाचा निरोप आला, "तुम्हाला घाई आहे म्हणे. किंमत कमी होणार नाही."

"बघितलंस?" आत्या मला म्हणाली. "कुकीज मला, इमान मालकाशी!"

मग तिनं स्वतःचा एजंट नेमला, तो फक्त तिच्याच बाजूनं काम करेल असं त्याच्याकडून लिहून घेतलं. आणि पहिल्याच दिवशी त्यालाही एक वेगळं खोटं सांगून ठेवलं.