कासव कुणी घातलं

सामर्थ्य कुणा एकाकडे साचू नये आणि ते वाटणारा हात निःपक्षपाती असावा, या एका तत्त्वावर माणसाच्या संस्कृतीचा सगळा डोलारा उभा आहे, असं माझं मत आहे. या मतापर्यंत मी बऱ्याच वाचनानंतर आलो. वाचन मुख्यतः मोबाइलवरच्या एका पत्त्यांच्या खेळाच्या अपडेटचं होतं, आणि ते दहिवलीहून खालापूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये झालं.

खेळ समजायला सोपा आहे. समोरासमोर दोघं, प्रत्येकाकडे तीस पत्ते. दुकानात मिळणाऱ्या कॅटमध्ये बावन्न पत्ते ठरलेले असतात, इथे तसं नाही. शेकडो पत्त्यांतून आपले तीस आपण निवडायचे, त्याला डेक बांधणं म्हणतात. प्रत्येक पत्ता टाकायला ऊर्जा लागते. पहिल्या पाळीला एक ऊर्जा मिळते, दुसऱ्या पाळीला दोन, अशी ती वाढत जाते. सगळे बलाढ्य पत्ते घेऊन बसलेला माणूस ते हातात धरूनच हरतो, आणि सगळे स्वस्त घेणाऱ्याचा दम मध्येच संपतो. त्यामुळे खरा वेळ जातो तो आवडते पत्ते काढून टाकण्यात. मी खोक्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. दिवसभर नापास करणं हेच माझं काम, म्हणून हा भाग मला जमतो.

माझा साडूही हा खेळ खेळायचा.

साडू हे नातं ज्याने ठरवलं त्याला तुलनेची फार आवड असावी. दोन अनोळखी पुरुष, केवळ एकाच घरच्या दोन मुलींशी लग्न केलं म्हणून, जन्मभर एका पंक्तीत शेजारी बसवले जातात आणि वाढणारे लोक दोघांच्या ताटांकडे आळीपाळीने बघतात. माझा साडू शेलूला राहतो. तिथल्या नव्या इमारतींतले फ्लॅट विकणं हा त्याचा व्यवसाय, आणि त्यांतल्याच एका इमारतीत पाचव्या मजल्यावर त्याचं घर. तो माझ्याहून वयाने लहान आहे. केस माझ्याहून जास्त आहेत. आपण फ्लॅट विकतो असं तो कधी म्हणत नाही. तो माणसांना त्यांच्या स्वप्नापर्यंत पोचवतो, स्टेशनपासून चालत सात मिनिटं.

आमची सासरवाडी लोधिवलीला. सासरे रिटायर झाल्यापासून दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर मेंढीकोट खेळतात आणि माणूस पत्ते कसे खेळतो यावरून त्याची किंमत करतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी पगाराच्या आधी विचारलं होतं, "मेंढीकोट येतं का?" मी नाही म्हणालो. पुढे साडूलाही तेच विचारलं. त्यालाही येत नव्हतं, पण तो म्हणाला, "तुम्ही शिकवा ना, बाबा." तेव्हापासून सासरे त्याला "रं" म्हणून हाक मारतात. मला अहो-जाहो करतात. अहो-जाहो हा मान असतो, असं माझी बायको म्हणते.

दोन्ही जावई फोनवर पत्ते खेळतात हे कळलं तेव्हा सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला लोधिवलीला सगळ्यांचं जेवण असतं.

"ह्यात हुकूम कुठला?" त्यांनी विचारलं.

"हुकूम नसतो यात," मी म्हणालो.

"मंग लोक भांडतात कशावरनं?"

साडूने त्यांना सोनेरी चौकट दाखवली. या खेळात पायऱ्या असतात, आणि सगळ्यात वरच्या पायरीच्या नावाचं भाषांतर मी 'अमर' असं करतो. तिथे पोचलेल्याच्या नावाभोवती सोनेरी चौकट येते. हे अमरत्व महिनाअखेरीपर्यंत टिकतं, मग सगळ्यांना पुन्हा खाली उतरवतात. आम्ही दोघंही तिथे अजून पोचलो नव्हतो.

"बघू, दोघांत आधी अमर कोण व्हतो ते," सासरे म्हणाले.

ते गमतीत म्हणाले. मी ते गमतीत घेतलं नाही.

त्या दिवसांत माझा डेक जवळजवळ पूर्ण झाला होता. सुरुवातीला स्वस्त बेडकांची झुंड सोडायची, ते मरू द्यायचे, आणि मग भगत टाकायचा. पत्त्याचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक आहे. हाडांची माळ घातलेला तो म्हातारा मेलेले पत्ते उठवतो, म्हणून आम्ही त्याला भगत म्हणायचो. चार ऊर्जेत तो अर्धं तळं पुन्हा जिवंत करायचा. एक पत्ता जास्तीत जास्त दोनदा घेता येतो, आणि माझ्याकडे दोन्ही भगत होते. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दूध तापेपर्यंत, असा मी चढत गेलो. अमर व्हायला दोन पायऱ्या उरल्या होत्या. साडू बराच खाली होता. आयुष्यातला तो एक छान आठवडा होता.

मग बायको म्हणाली, "शेलूहून धाकटीचा फोन होता. भावजी डेक का काय ते देत नाहीत म्हणाली."

प्रत्येक डेकला एक कोड असतो. तो कुणाला पाठवला की त्याच्या फोनवर आपला डेक जसाच्या तसा तयार होतो.

"मागितलाय कुणी?"

"घरच्या माणसाने मागायचं कशाला?"

"अगं, किती खपून बांधलाय तो."

"तीस पत्ते बांधायला खपलात. माळ्यावरचं सामान बांधायला सांगितलं की कंबर धरते."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. दोन बहिणींमध्ये ते किती वर्षं फिरत राहिलं असतं, सांगता येत नाही. पण देण्याच्या पद्धती असतात. आमच्या सासूबाई मसाल्याचं प्रमाण विचारणाऱ्या कुणालाच नाही म्हणत नाहीत. मिरची, धणे, दगडफूल, सगळं मापासकट सांगतात, फक्त एक जिन्नस गाळतात. मसाला फसला की विचारणारीला वाटतं, आपलाच हात बसला नाही. मी त्याच घरचा जावई आहे.

मी एक भगत काढला आणि त्याच्या जागी कासव घातलं.

कासव हा तेव्हा त्या खेळातला सर्वांत निरुपयोगी पत्ता समजला जायचा. किंमत सहा, मारायची ताकद शून्य. ते यायचं आणि बसून राहायचं. ते डेकात घेणाऱ्यावर लोक हसायचे. मी कोड पाठवला. लगेच उत्तर आलं: "थँक्यू भाऊ. कासव भारी वाटतंय." मी ते वाचून स्वयंपाकघरात जाऊन हसलो.

पुढच्या आठवड्यात अपडेट आलं. खेळ बनवणारे कंपनीतले लोक अधूनमधून पत्त्यांची ताकद कमीजास्त करतात, म्हणजे एकाच पत्त्याची मक्तेदारी होऊ नये. एरवी ही गोष्ट दोन ओळींत सांगता येते. पण ते राष्ट्राला उद्देशून बोलल्यासारखं लिहितात: खेळाच्या निरोगी भविष्यासाठी, सर्व खेळाडूंच्या भावना लक्षात घेऊन, जड अंतःकरणाने. जड अंतःकरणाने त्यांनी भगताची किंमत चारावरून सात केली. कासवाची सहावरून तीन केली, आणि वर असं ठरवलं की कासवाला कुणी मारलं की मालकाला एक नवा पत्ता मिळेल. चौक फाट्यापर्यंत मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. शेजारी बसलेल्या स्टोअरकीपरने विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

माझ्या डेकात सात ऊर्जेचे दोन म्हातारे होते. ते हातात येईपर्यंत मी हरलेला असायचो.

साडूने अपडेट वाचलंच नव्हतं. हे नंतर कळलं आणि तेच जास्त लागलं. त्याच्या मते तो एकाएकी चांगला खेळायला लागला होता. कासव एकटं दिसतं म्हणून त्याने दुसरं कासव घातलं. त्यासाठी एक पत्ता काढायला हवा होता, तर उरलेला भगत काढला, कारण त्याचा चेहरा त्याला आवडत नव्हता. मी महिनाभर डोकं लावलं असतं तरी त्या आठवड्यात याहून चांगला डेक बांधू शकलो नसतो. सोनेरी चौकटीचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला. सासऱ्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला: "शाब्बास रं." मागे ओट्यावरची मंडळीही काहीतरी म्हणत होती.

मीही कासव घ्यायला हवं होतं, हे उघड आहे. आता सगळा खेळ कासवं घेऊन फिरत होता. रोज चार-पाच तरी समोर येऊन बसायची. पण ते घेणं म्हणजे साडूची नक्कल झाली असती. मी मगर घेऊन पाहिली, विंचू घेतले, बेडूक काढून घुबडं घेतली. दर दोन दिवसांनी एक पायरी खाली येत गेलो. कारखान्यात त्या आठवड्यात मी एवढी खोकी नापास केली, की सुपरवायझरने येऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पुढच्या पौर्णिमेला लोधिवलीला साडू सासऱ्यांच्या उजव्या हाताला बसला होता. ती जागा ठरवून कुणी देत नाही, पण मी तिथे बसलेलो मला आठवत नाही. सासूबाईंनी त्याला खीर वाढली. वाटी अर्धी झाल्यावर न विचारता पुन्हा वाढली.

"कासव म्हणजे पेशन्स, बाबा," तो सांगत होता. "सगळे मारायला धावतात. आपण बसायचं. गिऱ्हाईक फ्लॅट बघायला येतं तेव्हा मी पण काहीच बोलत नाही. खिडकी उघडतो आणि उभा राहतो."

"डोकं लागतं ह्याला," सासरे म्हणाले.

"डोकं नाही, बाबा. इन्स्टिंक्ट."

जो माणूस अपडेट वाचत नाही त्याच्या तोंडून हा शब्द ऐकून मी हातातला घास खाली ठेवला. मी पाणी प्यालो. मग शांतपणे, सहज बोलल्यासारखं म्हणालो, "ते कासव मी घातलं होतं."

साडू मोठ्या मनाने हसला. "हो, हो. डेक भाऊंचाच होता. मी सांगतो सगळ्यांना."

त्याने खरंच सांगितलं असणार. त्याचा मोठेपणा हा त्याचा सर्वांत असह्य गुण आहे.

सासरे मात्र माझ्याकडे बघत होते. मेंढीकोट खेळणारा माणूस समोरच्याने कुठलं पान कधी टाकलं ते विसरत नाही.

"तुमी घातलं?"

"हो."

"मंग तुमच्यात का नाय घातलं?"

याला दोनच उत्तरं होती. एक, मला त्याची किंमत कळली नाही. दुसरं, मला ती चांगली कळत होती. पहिल्याने मी मूर्ख ठरत होतो आणि दुसऱ्याने काय ठरत होतो, ते सासूबाईंना सगळ्यांच्या आधी कळलं असतं. मी ताटात पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई पातेलं घेऊन उभ्याच होत्या.

"खीर घ्या," त्या म्हणाल्या, आणि मला भरपूर वाढली.

परत येताना चौक फाट्यापाशी बायको बाइकवर मागून म्हणाली, "मुद्दाम घातलं होतं ना?"

"वारा लागतोय, काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही भगत काढले आणि दोन कासवं घेतली. दोन कासवं, त्यांच्या आड बेडूक, शेवटी घुबड. हा डेक माझा की त्याचा, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. झरझर वर गेलो. मध्ये महिना संपला म्हणून सगळ्यांबरोबर खाली आलो, पुन्हा चढलो, आणि पौर्णिमेच्या आत, कंपनीच्या कँटीनमध्ये समोरची उसळ निवलेली असताना अमर झालो. नावाभोवती चौकट आली. ती साडूच्या चौकटीहून जरा जास्त उजळ दिसत होती, पण ते बहुधा माझ्या फोनच्या स्क्रीनमुळे असावं. फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. असल्या गोष्टी समोरासमोर दिसल्या पाहिजेत.

पौर्णिमेला आम्ही लवकर निघालो. मी आधी पोचलो आणि सासऱ्यांच्या उजवीकडे बसलो. साडू आला आणि माझ्या पलीकडे बसला. मी फोन ताटाशेजारी ठेवला, स्क्रीन वर करून. भाजी वाढली गेली, डाळ वाढली गेली. स्क्रीन दोनदा विझली, मी ती दोन्ही वेळा पेटवली.

शेवटी साडूचं लक्ष गेलं. "अरे वा, भाऊ. झालात तुम्ही." त्याला खरंच आनंद झाला होता. तो बारीक बघत म्हणाला, "अजून खेळता का हे?"

"अजून म्हणजे?"

"मी काढून टाकलं ते. मागच्याच आठवड्यात."

"का?"

"नवीन बिल्डिंगचे व्हिडिओ मावत नव्हते. जागाच राहिली नव्हती फोनमध्ये."

"दाखव रं बिल्डिंग," सासरे माझ्यावरून वाकून म्हणाले, आणि साडूचा फोन माझ्या ताटावरून त्यांच्या हातात गेला. सँपल फ्लॅटमध्ये कुणीतरी खिडकी उघडत होतं.

साडूचा फोन चौसष्ट जीबीचा आहे. माझा एकशे अठ्ठावीसचा आहे.