ज्वारीतली पाखरं

गेल्या पावसाळ्यात लातूरच्या आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या दाण्याएवढी तपकिरी पाखरं उडायला लागली. ज्वारीच्या कोठीचं झाकण काढलं की चार-पाच उठायचीच. ज्वारी मुखेडकडच्या आमच्या गावाहून थोरला भाऊ दरवर्षी पाठवतो. बायको म्हणाली, "यंदा वहिनींनी मागच्या सालची भरली. नवी स्वतःला ठेवली." मी तिला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच होतं.

मूठभर दाणे बरणीत घालून तोंडाला फडकं बांधलं आणि रोज बघत बसलो. दाणे वरून धडधाकट. काही दिवसांनी एका दाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल, पातळ खिडकी दिसली. दुसऱ्या दिवशी ती उघडी होती आणि फडक्याला आतून पाखरू चिकटलेलं. दाणा फोडला तर नुसतं टरफल. अंड्यातली अळी दाण्यात शिरते, आतलं पीठ खाते, बाहेर पडायची जागा आधीच कुरतडून ठेवते, कोष करते आणि पाखरू होऊन निघते. बाहेर कुणाला पत्ता नाही. मला गोड बोलणारी वहिनीच दिसायला लागली.

भावाला फोन केला. "दादा, ज्वारी यंदाचीच हाय ना?"

"का रे?"

"पाखरं झाली. वहिनीनं भरली होती ना?"

त्यानं फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी तो एसटीनं आला. रुमालात त्यांच्या घरातली ज्वारी होती. "एकाच राशीची हाय," म्हणत त्यानं ती पाण्यात टाकली. सगळे दाणे तळाला बसले. आमच्या कोठीतले बरेचसे वर तरंगले. मग त्यानं घर धुंडाळलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी चिमण्यांसाठी बाजारातून आणून टांगलेली ज्वारीची कणसं होती. त्यानं ती हलवली, तसा पाखरांचा थवाच उठला.

"इथं पैदास होऊन राहिली," तो म्हणाला, "अन् तुझ्या फोनपायी मीबी तिला इचारलं, खरं सांग म्हणून. लई रडली."

मी लगेच वहिनीला फोन लावला, माफी मागितली. "असू द्या, भावजी," एवढंच ती म्हणाली.

यंदा तिचाच फोन आला. "ज्वारी भरायला तुमी या. तुमच्या समोर भरते."

गेलो. तिनं राशीत कोपरापर्यंत हात घालून तळाची ज्वारी काढली आणि माझ्या ओंजळीत ओतली. "बघा," म्हणाली. मी न बघताच ती पोत्यात ओतली. तिनं पुन्हा हात घातला.