भावाने जोडून दिलेलं मशीन

माझा धाकटा भाऊ खराडीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. म्हणजे नेमकं काय करायचा, हे मला फार वर्षं कळलं नव्हतं. काचेच्या गार खोलीत कपाटांसारखी यंत्रं रांगेने उभी असतात, ती कधी बंद पडू नयेत म्हणून माझा भाऊ जागा असतो, एवढंच मी नातेवाइकांना सांगायचे. मग कंपनीने ती खोलीच मोडली. सगळं काम दूरच्या कुठल्यातरी भाड्याच्या यंत्रांवर गेलं आणि खोलीबरोबर ती सांभाळणारी माणसंही गेली. भाऊ पन्नाशीला टेकला होता.

त्याच सुमारास माझा कॉम्प्युटर बंद पडला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक छोटी खोली आहे; खिडकीला जाड पडदे, भिंतीला जुन्या गोधड्या, आणि मध्ये मी. येरवड्याची एक लहान संस्था ही रेकॉर्डिंग लोकांपर्यंत पोहोचवते. एका कादंबरीची अर्ध्याहून अधिक प्रकरणं झाली होती आणि एके सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आतलं काहीच परत मिळालं नाही. मी भावाला फोन केला आणि बोलता बोलता रडले. एवढ्या तेवढ्यावर रडणारी मी नाही, त्यामुळे तो घाबरला असावा. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर अख्खं पुणं ओलांडून दारात हजर.

नोकरी गेल्यापासून मी त्याला पाहिलं नव्हतं. दाढी वाढलेली, शर्टला इस्त्री नाही. चहा झाल्यावर त्याने जुन्या कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिला, मान हलवली, आणि म्हणाला, "ताई, नवीनच करू. मी जोडून देतो. पण आधी तू ठरव. दोन रस्ते आहेत."

एक रस्ता साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा. दुसरा सर्व्हरच्या प्रोसेसरचा, वापरलेला पण चांगल्या अवस्थेतला, कंपन्या काढून टाकतात त्यातला. फरक मला समजावा म्हणून त्याने लग्नाची पंगत आणली. "सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे वीस वाढपी. प्रत्येकाची चाल बेताची, पण शंभर पानं एकदम वाढतात, आणि दिवसरात्र वाढत राहिले तरी थकत नाहीत. डेस्कटॉपचा म्हणजे सहा-आठच, पण पळणारे."

"मग आपल्याला काय हवं?" मी विचारलं.

"तसं पाहिलं तर डेस्कटॉपचाही चालेल," तो म्हणाला. "पण सर्व्हरच्या प्रोसेसरबरोबर जी मेमरी बसते ना, ती स्वतःची चूक स्वतः पकडते आणि दुरुस्त करते. ते मशीन बंद पडत नाही गं. मी वर्षानुवर्षं बंद न पडलेली मशीनं बघितलीत."

हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला होता. आवाज जुना झाला होता, म्हणजे कामावर असतानाचा. मी शाळेत बत्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले आहेत. कुठलं उत्तर दिलं की हा चेहरा उजळेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि 'तसं पाहिलं तर डेस्कटॉपचाही चालेल' हे वाक्यही मी नीट ऐकलं होतं.

"सर्व्हरचाच घेऊ," मी म्हणाले.

आमचे हे पेपरमागून बोलले, "म्हणजे वाढपी वीस, आणि जेवायला एकटी हीच."

भाऊ हसला. कित्येक दिवसांनी हसला असावा.

पुढचे काही आठवडे तो सारखा येत राहिला. त्या प्रोसेसरला चालेल असा बोर्ड सहज मिळत नव्हता. मिळाला तर त्याच्यावरचा पंखा डब्यात मावत नव्हता. तो दुकानं पालथी घालायचा, जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचा, मग दुपारी आमच्याकडे जेवून पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. दाढी गेली. शर्टला इस्त्री आली. एकदा भावजयीचा फोन आला. "ताई, तुमच्यामुळे हे सकाळी उठून आवरायला लागलेत. नाहीतर दुपारपर्यंत अंथरुणातच असायचे. तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हणाले, उपकार कसले, काम माझंच होतंय. फोन ठेवल्यावर मला वाटलं, त्या दिवशी 'सर्व्हरचाच' म्हणून आपण किती योग्य उत्तर दिलं होतं. त्या समाधानाची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मशीन तयार झालं. देवघराएवढं उंच, काळं. भावाने ते माझ्या वाचायच्या खोलीत ठेवलं, सगळं दाखवलं, आणि म्हणाला, "मी घरून यावर लक्ष ठेवीन. काही बिघडलं तर तुझ्या आधी मला कळेल." मी मान डोलावली.

बिघडलं काहीच नाही. ते खरंच बंद पडलं नाही. पण ते गुरगुरायचं. त्याने शोधून शोधून शांत पंखे लावले होते, तरी उन्हाळा चढला तसा तो आवाजही चढला. यांनी दारातून डोकावून विचारलं, "दळण टाकायचं आहे का? गहू आणून देतो." आवाजाचं एक झालं. दुसरं असं, की मी वाचलेलं साफ करायला एकामागून एक क्रिया लावाव्या लागतात: आधी खरखर काढायची, मग श्वास कमी करायचे, मग पातळी सारखी करायची. पहिलीचं काम हातात पडल्याशिवाय दुसरी हलत नाही. त्यामुळे एक वाढपी रमतगमत चालायचा आणि बाकीचे हाताची घडी घालून उभे. ऐकताना मध्येच टक टक असे तुकडे पडायचे. जुन्या कॉम्प्युटरवर जे पटकन व्हायचं त्याला इथे वेळ लागायचा.

मी भावाला सांगितलं, "छान चाललंय."

मग संस्थेतून फोन आला. आमच्या श्रोत्यांपैकी एक बाई रेकॉर्डिंग बाहेर जाण्याआधी ऐकून पाहतात. त्या जन्मापासून पाहू शकत नाहीत. त्यांचा कान फार तयार आहे. त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पण आपण वाचता तेव्हा मागे पाण्याची मोटर चालू असते का? गोष्टीत ते लोक माळरानावर आहेत, आणि मला सारखं वाटतं की टाकी भरत आली."

ती तीन प्रकरणं परत आली. त्या दिवशी भावाला फोन करायला हवा होता. मी फोन हातात घेतलाही. पण तोवर त्याला दोन मुलाखतींत नकार आला होता. एका ठिकाणी त्याच्याहून निम्म्या वयाच्या माणसाने, 'तुमचा अनुभव आता लागू पडत नाही,' असं सांगितलं होतं. त्याच्याच तोंडून ऐकलं होतं मी हे. आता वर मी काय सांगू, की तू केलेलं मशीनही लागू पडत नाही?

म्हणून मी यांना घेऊन कर्वे रोडच्या एका दुकानात गेले आणि तयार मिळणारा, डब्यातून काढून लावायचा, छोटा डेस्कटॉप घेतला. तो झोपायच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाशेजारी ठेवला. गोधड्या तिकडे नेल्या. पहिल्याच दिवशी एक प्रकरण वाचून, साफ करून, पाठवून झालं. आवाज म्हणाल तर इतका कमी, की घड्याळाचाही ऐकू येईल.

भावाचं मशीन छोट्या खोलीत सुरूच राहिलं. बंद केलं तर त्याला घरून दिसलं असतं. रोज सकाळी पूजा झाल्यावर मी त्या खोलीत जायचे, एखादी जुनी फाइल उघडायचे, थोडी पुढेमागे करायचे आणि बंद करायचे. यांनी एकदा पाहिलं. "नैवेद्य दाखवून झाला?" म्हणाले. मला ते अगदी तसंच वाटत होतं, आणि हसू मात्र येत नव्हतं. भाऊ फोनवर विचारायचा, "मशीन कसं आहे?" मी म्हणायचे, "कुरकूर नाही." हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे.

पावसाळा संपत आला असताना एका दुपारी तो न सांगता आला. मी झोपायच्या खोलीत दार लावून वाचत होते. यांनी दार उघडलं, त्याला बसवलं, पाणी दिलं. मी बाहेर आले तेव्हा तो दिवाणखान्यात नव्हता. छोट्या खोलीत, गोधड्या काढलेल्या उघड्या भिंतींमध्ये, मशीनशेजारी स्टुलावर बसला होता.

"तुझा वाचायचा आवाज तिकडून येत होता," तो म्हणाला.

मी दारातच उभी राहिले. म्हणाले, "इथे उकडतं रे."

"ताई, हे मशीन दोन महिने रिकामं बसलंय."

"तुला कसं कळलं?"

"मला फक्त चालू-बंद दिसतं असं वाटलं का तुला? ते काय काम करतंय, किती करतंय, सगळं दिसतं. सकाळी जरा हलतं. मग दिवसभर काही नाही."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

त्याने मशीनवरची धूळ बोटाने पुसली. "आधी वाटलं, तू आजारी आहेस. फोन केला तर आवाज ठीक होता. मग वाटलं, वाचायचं सोडलंस. मग संस्थेच्या साइटवर तुझं नवीन पुस्तक आलेलं दिसलं. ऐकलं मी ते. फार स्वच्छ होतं. तेव्हा कळलं."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. मोटर, परत आलेली प्रकरणं, दुकान. हेही सांगितलं की पहिल्याच दिवशी मला डेस्कटॉपचा पुरेसा आहे हे कळलं होतं, आणि तरी त्याच्यासाठी म्हणून मी दुसरं उत्तर दिलं.

"ते मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "मी विचारताना तसंच विचारलं होतं. तू सर्व्हर म्हणावंस म्हणून."

मला वाटलं, चला, दोघांचं सारखंच झालं, फिटलं. पण तो पुढे बोलला.

"शांत मशीन मी केलं नसतं का, ताई? तू एकदा म्हणाली असतीस, हे जमत नाही, तर दोन दिवसांत दुसरं जोडून दिलं असतं. तेही मीच केलं असतं ना? तू दुकानात गेलीस." मग अगदी हळू, "माझी नोकरी गेली होती. मी आजारी नव्हतो."

यांनी स्वयंपाकघरातून चहाचं विचारलं. मग त्यांनीच करून आणला, कप ठेवले आणि एकही शब्द न बोलता गेले. आमच्या संसारात हे क्वचित घडतं.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे." चहा प्यायला. झोपायच्या खोलीत जाऊन नवा डेस्कटॉप पाहिला, मागे हात घालून एक वायर नीट खोचली आणि म्हणाला, "चांगला आहे. हाच बरोबर आहे तुझ्या कामाला." जाताना त्याने मोठं मशीन बंद केलं. खोली इतकी एकदम शांत झाली की आम्ही दोघेही जरा थबकलो.

पुढच्या आठवड्यात एक ओळखीचा रिक्षावाला घेऊन तो मशीन न्यायला आला. मीच सुचवलं होतं की संस्थेला विचारून पाहू. त्यांच्याकडे सगळ्या वाचकांची रेकॉर्डिंग विखुरलेली होती, काही तर कुणाकुणाच्या घरच्या पेनड्राइव्हवर. आता ती सगळी त्या मशीनवर असतात. एका वेळी पुष्कळ लोक ऐकायला येतात आणि ते सगळ्यांना वाढतं. त्या नम्र बाईंनी मला सांगितलं, की आता हवं ते प्रकरण मागितल्यावर लगेच मिळतं. भाऊ महिन्यातून एकदोनदा तिथे जाऊन सगळं ठीक आहे ना ते बघतो. दरम्यान त्याला कामही मिळालं, एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात. पूर्वीइतकं मोठं नाही, पण तो रोज जातो आणि तिथल्या कॅन्टीनला नावं ठेवतो, म्हणजे बरं चाललं असावं.

लोक म्हणतील, शेवट गोड झाला. भावजयही तेच म्हणते. मशीन योग्य जागी गेलं, माझं काम सुरू आहे, भाऊ कामावर आहे. हे सगळं मलाही दिसतं.

पण तो आता मला काही विचारत नाही. सणाला सगळे येतात, जेवतात, यांच्याशी त्याचे वाद पूर्वीसारखेच होतात. मध्ये माझा माइक खराब झाला. मी मुद्दाम त्यालाच फोन केला. कुठला घेऊ, तू सांगशील तो, असं म्हणाले.

"दुकानात दोन-तीन ऐकून बघ, ताई," तो म्हणाला. "तुला आवडेल तो घे."

त्याचा स्वर साधा होता, रागाचा नव्हता. मी बरं म्हणाले, आणि मग भाचीच्या परीक्षेचं विचारलं.