दोन्ही बाजूंची गोणी

त्या वर्षी मी देवाजवळ एकच मागणं मागत होतो, आणि ते चांगलं मागणं नव्हतं. "देवा, मला दुसरा कोणीतरी कर," असं मी रोज अंघोळ करून ओल्या अंगाने हात जोडून म्हणायचो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी यवतमाळला मास्तरकीचं शिक्षण घेत होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला माझं बरं चाललं होतं. आतून मात्र पार खचलो होतो. सरावाचा धडा घ्यायला फळ्यासमोर उभा राहिलो की पाठ केलेला धडा विसरायचो. जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, एका सोबत्याने गुरुवार धरायला सांगितले. मी दोन्ही केलं. टॉनिक संपलं, गुरुवार चालू राहिले, आणि मी होतो तसाच राहिलो.

दुखणं कुठलं ते मला ठाऊक होतं. मी तांड्यातला, गोर म्हणजे बंजारा माणसाचा मुलगा. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडले, पुढे दारव्ह्याकडे शेतीला लागले. वसतिगृहात मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात याडी, म्हणजे माझी आई, भाकरी आणि तुपाचं गाडगं घेऊन अचानक दारात येऊन उभी राहिली. आरसे लावलेला घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सोबत्यांनी विचारलं, "कोण हाय रे हे?" आणि मी म्हणालो, "आमच्या वावरात कामाला आहे." याडीला मराठी चांगली कळत होती. तिने गाडगं उंबऱ्यावर ठेवलं आणि परत फिरली. त्यानंतर मी घरी गेलो नाही. होळी गेली, दिवाळी गेली. तिची आठवण अशी यायची की बाजारात कुठे बांगड्या वाजल्या तरी पाय थबकायचे, आणि लगेच मान खाली घालून मी दुसऱ्या गल्लीत शिरायचो.

अशात नागपूरहून मानसशास्त्राच्या एक बाई आल्या. माणूस स्वतःला कितपत स्वीकारतो आणि त्यावर त्याच्या मनाचं आरोग्य किती अवलंबून असतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांच्याजवळ जाड कागदाचे पत्ते होते. प्रत्येकावर एक वाक्य होतं. 'मी उपयोगी पडतो', 'मला माझी लाज वाटते', असं काहीबाही. आधी आपण आहोत तसे पत्ते क्रमाने लावायचे, मग आपण असायला हवे होते तसे. दोन मांडण्यांत अंतर जितकं जास्त, तितकं मन जास्त दुखतं, असा त्यांचा अंदाज. मी हुशारी केली आणि दोन्ही वेळा पत्ते तसेच लावले. बाईंनी टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "इतके सुखी दिसत तर नाही तुम्ही."

पुढे त्यांना तांड्यांवर जायचं होतं. गोरबोली कुणाला येते, असं त्यांनी वर्गात विचारलं आणि माझा हात वर गेला. का गेला, ते मला आजही सांगता येत नाही. शेजाऱ्यांकडून शिकलो, अशी थाप मात्र तेवढ्यात मारली.

ठरलेल्या तांड्यावर पोचलो तर सगळा तांडा लग्नाला गेलेला. गाडीवान म्हणाला, पलीकडे अजून एक तांडा आहे. तिथे नाईकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, म्हातारी बायको एकटीच ओट्यावर बसली होती. बोली शेजाऱ्यांकडून शिकलो, असं तिलाही सांगून मी एकेक पत्ता तिच्या बोलीत वाचू लागलो. ती ऐकून घ्यायची आणि तिला पटलेले पत्ते दोनच ढिगांत ठेवायची, बरं इकडे, वंगाळ तिकडे. मग दोन्ही ढीग दोन हातांत धरून तोलले आणि म्हणाली, "हे वंगाळाचं हलकं हाय. आनखी असंन तं वाच."

बाईंनी समजावलं, असं नाही आजी. आता तुम्ही कशा असायला हव्या होत्या, ते लावा.

"म्हंजे हे वंगाळ काढून टाकू?" म्हातारी हसली. "बाई, बैलाच्या पाठीवर दोन्हीकून गोणी सारखी लागते. एकीकडची काढली तं दुसरी बी खाली येते. मंग मी चालू कशी?"

बाईंची पेन्सिल थांबली. म्हातारी माझ्याकडे वळली आणि आमच्या बोलीत म्हणाली, "शेजाऱ्यापासून शिकेल बोली अशी नसते. तू कोण्या तांड्याचा?"

मी पत्ते गोळा करू लागलो. डोळे भरून आले. तिने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी तिच्या घरी भोग, म्हणजे अग्नीतून देवाला द्यायचा नैवेद्य होता. तिने निखारे आणले, त्यावर तूप-गूळ घालायची तयारी केली आणि विनंती, म्हणजे त्या वेळची प्रार्थना, मला म्हणायला सांगितली. लहानपणी हे शब्द मी याडीच्या मागे उभा राहून शंभरदा म्हटले होते. शेवटी आपलं मागणं सांगायचं असतं; माझं रोजचं मागणं ओठांवर आलं, पण आमच्या बोलीत ते मला म्हणताच येईना. ज्या बोलीत याडीने मला हाक मारली, त्या बोलीत 'मला दुसरा कर' कसं म्हणायचं? मी एवढंच म्हणालो, "आहे तसा आलोय. पदरात घे." तिने तूप घातलं आणि जाळ उसळला. तुपाने जाळ उसळतोच, हे मलाही कळतं. पण छातीवरचा भार त्याच वेळी उतरला, हेही तितकंच खरं.

परतताना मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "पत्ते मी बघते. तुम्ही घरी जा."

दुसऱ्या दिवशी एसटीने दारव्ह्याला उतरलो आणि चालत वावर गाठलं. याडी कापूस वेचत होती. तिच्याजवळ तांड्यात नव्यानेच आलेली एक सून होती, तिने विचारलं, "काकी, हा पाव्हणा कोण?"

याडीने मान वर केली. मला पाहिलं, आणि पुन्हा बोंडाला हात घातला. "त्यालेच विचार," ती म्हणाली.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल असं म्हणालो, "मी हिचा मुलगा."

याडीने हातातला कापूस ओटीत टाकला आणि मला उठवलं. मग बांगड्या मागे सारत शेजारच्या ओळीकडे बोट करून म्हणाली, "मंग उभा काहून? हे तास तुहं, वेच."

त्या म्हातारीला भेटायला मी नंतर गेलो, तेव्हा ती हयात नव्हती. तो तांडा आमच्या वाटेवरचा नव्हता, वर्गात वर गेलेला तो हात मी उचलला नव्हता, एवढंच मला माहीत आहे, आणि ज्याने उचलला त्याचं देणं माझ्याने फिटायचं नाही. गुरुवार मी सोडले नाहीत, मागणं तेवढं सोडलं. जे आहे ते, बरं आणि वंगाळ, दोन्हीकडून सारखंच देवापुढे ठेवतो. आता याडीही नाही. बाजारात बांगड्या वाजल्या की पाय अजून थबकतात. पण मी गल्ली बदलत नाही. आवाज पुढे निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहतो.