बर्फाची कड आणि इर्माचं तळघर

ओरेस्ट,
तू आडमुठा होतास, हे आधी सांगून टाकते. त्या हिवाळ्यात तू बरोबर केलंस की चूक, हे मला अजून कळलेलं नाही. तुलाही कळलं नव्हतं. उगाच शहाण्यासारखा चेहरा करून बसायचास.

एवढं लिहून इर्माने पेन ठेवलं. पाठवायचं कुठे, स्मशानात?

ओरेस्ट बोयचुक तिचा शेजारी. नदीवरचा बर्फ बघणं ही त्याची नोकरी. थंडी पडली की नदी खालच्या अंगाकडून, प्रवाहाच्या उलट, गोठत गोठत गावाकडे यायची. बर्फाची कड कुठवर आली ते बघून ओरेस्ट वरच्या धरणाला फोन करायचा. कड गाव ओलांडेपर्यंत धरणवाले मुद्दाम जास्त पाणी सोडत. पाणी चढलेलं असताना वर बर्फाचा थर उंचावर धरला, की पुढे विजेसाठी आणखी पाणी सोडलं तरी ते खालून निघून जातं, बर्फ फुटून गावात घुसत नाही.

"म्हणजे पूर येऊ नये म्हणून पाणी वाढवायचं?"

"हो."

"आणि माझ्या तळघरात पाझरतंय ते?"

"तेही त्यामुळेच."

"थट्टा करतोस काय रे माझी?"

"अगं, मला सांगितलं तसं सांगतोय. बटाट्याच्या पेरोगी उरल्यात का?"

त्या वर्षी कड पुलाखाली येऊन अडली ती हलेचना. इर्माच्या तळघरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या बुडाला पाणी लागलं. बाहेर उणे तीस. ओरेस्टने तिच्याच स्वयंपाकघरातून धरणाचा नंबर फिरवला.

"सांग, कड गेली पुढे," इर्मा म्हणाली. "पाणी कमी करतील."

"आणि बर्फ खालीच धरला तर? पुढे सगळी आळी बुडेल."

"बुडेलच, हे ठाऊक आहे तुला?"

"नाही गं."

मग फोनमध्ये म्हणाला, "पुलाखालीच आहे अजून."

आणि बादली घेऊन तळघरात उतरला. दोघांनी संध्याकाळभर पाणी उपसलं. भट्टी विझलीच. इर्मा बहिणीकडे राहायला गेली, त्याच्याशी न बोलता.

जानेवारीत कड एकदाची गाव ओलांडून गेली आणि धरणाने विजेसाठी पाणी आणखी वाढवलं. बर्फ कण्हला, पण फुटला नाही. आळी कोरडी राहिली.

"तुझ्यामुळे, की तसाही टिकलाच असता?" परत आल्यावर तिने विचारलं.

"मला काय विचारतेस! बर्फ वितळला की धरणावरच जाऊ, तिथल्या इंजिनिअरला विचारू. तू सँडविच घे, गाडी मी काढतो."

वसंतात नवी भट्टी बसवणारा यायचा होता, म्हणून इर्माने नाही म्हटलं. उन्हाळ्यात गाडीचा क्लच गेला. पानगळीत ओरेस्टच गेला. धरणावर जायचं राहिलं.