दुसरा घोट मधूचा

डॉक्टरांनी शकूची जीभ चमच्याच्या दांड्याने दाबली, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि म्हणाले, "डिप्थेरिया." मला कळलं नाही हे पाहून त्यांनी मराठीत सांगितलं, "घटसर्प. घशात करडा पडदा धरलाय. तो वाढला की श्वासाची वाट बंद होते, आणि त्याचं विष हृदयापर्यंत जातं." मग बॅटरी विझवून त्यांनी विचारलं, "घरात आणखी लहान मूल आहे का? हिच्या भांड्यातून कोणी काही खाल्लं-प्यायलं?"

पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणालो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं, पण ते तोंडातून बाहेर यायला फार वेळ लागला.

त्या वेळी मी मोखाड्याकडे पोशेऱ्याला प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. जामसरच्या भातशेतकऱ्याचा मी पोरगा, चार इयत्ता जास्त शिकलो म्हणून मास्तर झालो. त्या वाडीत धड वाचता येणारा मी एकटाच. त्यामुळे मास्तरला सगळं कळतं असं वाडीला वाटे, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे.

माझी मुलगी शकू सात वर्षांची होती, तिचा धाकटा भाऊ मधू चारचा. थंडीचे दिवस होते. सोमवारी सकाळी शकू म्हणाली, "नाना, गिळताना टोचतंय." अंग जरासं कोमट लागलं. घसा बसला असेल म्हणून मी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. संध्याकाळी हळद घालून दूध दिलं. मंगळवारी आलं आणि गूळ उकळून काढा केला, मानेला हळदीचा गरम लेप लावला. आमच्याकडे घशाला हेच करतात, आणि साध्या घशाला यानं बरंही वाटतं. त्या उपायांना मी आजही नावं ठेवणार नाही.

माझी बायको यमुना मात्र पहिल्या दिवसापासून साशंक होती. "अहो, ही गिळताना मान वाकडी करते. साधा घसा असा नसतो," ती म्हणाली. मी तिला म्हणालो, तुला काय कळतं. हे वाक्य मी संसारात पुष्कळदा वापरलं होतं.

बुधवारी शकूनं खाणंपिणं टाकलं. नाचणीची पेज करून, मीठ घालून, कोमट करून दिली तरी तोंड फिरवायची. तेव्हा मी माझी मास्तरकी चालवली. मधूला तिच्यासमोर बसवलं आणि काशाची वाटी मधे धरली. मोजायचं. एक म्हटलं की ताईचा घोट, दोन म्हटलं की मधूचा. तीन ताईचा, चार मधूचा. शाळेत एकी-बेकी मी अशीच चिंचोक्यांवर शिकवत असे. मधूला हा खेळ फार आवडला. तो "दोन" असं ओरडून वाटीला दोन्ही हातांनी धरायचा. त्याची पाळी चुकू नये म्हणून शकू रडत रडत का होईना, आपला घोट गिळायची. वाटी रिकामी झाली की मी यमुनाकडे अशा काही नजरेनं बघे, की आता आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

बुधवार, गुरुवार, दोन दिवस आम्ही हा खेळ खेळलो.

गुरुवारी दुपारी शेजारच्या पाड्यावरची जानी मध घेऊन आली. घशाला बरा म्हणून मीच मागवला होता. ती शकूजवळ बसली, तिच्या तोंडाशी वाकली आणि मागे सरली. "मास्तर, पोरीचे तोंडाला वास येतो. हा घसा नाय. तू हिला जव्हारला ने." तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, म्हणून मी नुसती मान डोलावली आणि शकूच्या जिभेवर मध ठेवला. शुक्रवारी सकाळी शकूची मान दोन्ही बाजूंनी सुजली आणि आवाज बसला. तेव्हा कुठे मी तिला पाठीवर घेऊन सडकेवर गेलो आणि लाकडाच्या ट्रकमधून जव्हारच्या दवाखान्यात पोचलो. मधूला जराशी सर्दी होती, म्हणून त्याला घरीच ठेवलं.

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शकूला अँटिटॉक्सिन टोचलं. अँटिटॉक्सिन म्हणजे त्या विषावरचा उतारा, घोड्याच्या रक्तापासून काढतात. मला म्हणाले, "मुलाला आजच्या आज आणा. हे औषध जितकं लवकर, तितका उपयोग."

शकूला सोडून मला हलता येत नव्हतं. पोशेऱ्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याजवळ मी चिठ्ठी दिली. चांगली सविस्तर चिठ्ठी. तोंडी निरोप दिला असता तर पुरे झालं असतं. पण मी मास्तर पडलो, मी लिहिलं. चिठ्ठी त्याच दिवशी घरी पोचली, आणि घरात वाचणारं कोणी नव्हतं. यमुनाला मी कधी अक्षर शिकवलं नव्हतं. शाळेतल्या पोरांना पाटीवरची अक्षरं येत, माझी घाईची जोडाक्षरं त्यांना लागली नाहीत. शनिवारी दुपारी वाटेनं जाणाऱ्या जंगलखात्याच्या माणसानं ती वाचून दाखवली. मधूचा आवाज तोवर गेला होता. त्याला थंडी वाजते म्हणून यमुना चुलीशी घेऊन बसली होती आणि त्याच वाटीनं पेज पाजत होती.

त्या दिवशी सडकेला ट्रक मिळाला नाही, रविवारी सकाळी ती त्याला घेऊन आली. डॉक्टरांनी शकूच्या खाटेशेजारीच त्याला घेतलं, मधे कापडाचा पडदा लावला. टोचलं. मग आम्ही बसून राहिलो. मधूच्या श्वासाचा आवाज करवतीसारखा येत होता. पडद्याच्या अलीकडून शकूनं विचारलं, "नाना, मधू आला?" मी हो म्हटलं. चार वाजण्याच्या सुमाराला तो आवाज थांबला. डॉक्टरांनी खटपट केली, खूप केली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर नेलं.

बाहेर नेऊन त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः देतो, कारण ते ज्यांच्यावर येईल त्यांना माहीत असावं. "मुलीचा पडदा सुटतोय, ती घशातून वाचेल. पण विष हृदयावर गेलंय. महिनाभर तिला उठवायचं नाही, बसवायचं नाही, रडवायचं नाही. धक्का बसला तर हृदय थांबेल. खोटं बोलावं लागलं तर बोला."

मधूला आम्ही जव्हारातच पोचवलं. यमुनाला शकूसमोर डोळे कोरडे ठेवता येईनात. म्हणून ती दवाखान्याच्या मागच्या पडवीत बसून राही आणि चुलीवर पेज करून आत पाठवी. माझ्याशी ती बोलत नव्हती. मला तेही योग्यच वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात शकूच्या टाळूला पॅरालिसिस झाला. म्हणजे टाळू लुळी पडली, आणि पातळ काही दिलं की नाकातून बाहेर यायचं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हे जातं. पेज घट्टसर करा, थोडी थोडी द्या. तिची वाटी निराळी, रोज उकळून घ्यायची.

घट्ट पेजेच्या पहिल्या दिवशी मी वाटी तिच्या ओठांना लावली. तिनं एक घोट घेतला, महत्प्रयासानं गिळला आणि वाटी हातानं पडद्याकडे ढकलली. म्हणाली, "दोन. मधूचा."

काय करणार होतो? वाटी घेऊन मी पडद्यापलीकडे गेलो. खाट रिकामी होती, गादी उन्हात टाकलेली. खाली पिकदाणी होती, तीत मी एक घोट ओतला आणि परत आलो. "घेतला का?" "घेतला." "झोपलाय?" "हो, झोपेतच घेतला." मग तिनं तिसरा घेतला. दिवसातून चार वेळा, अर्धी वाटी तिची आणि अर्धी पिकदाणीची. यमुना मला विचारत नसे, बाहेरून नर्सला विचारी, किती गेली पोटात? मी आतून सांगे, वाटीभर गेली.

आता ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना सांगतो. घसा दुखला तर गुळण्या द्या, हळदीचं दूध द्या, पेज द्या, सगळं द्या. पण आधी उजेडात घसा बघा. आत पांढुरका-करडा थर चिकटलेला दिसला, तोंडाला वेगळा वास आला, मान सुजली, आवाज बदलला, तर एक दिवसही घरी काढू नका. आजाऱ्याची वाटी आजाऱ्याचीच. आता लस आहे, ती टोचून घ्या. आणि घरातली बाई काही म्हणाली तर ऐकून घ्या. यमुनाला मी त्याच वर्षी लिहायला शिकवायला बसलो. तिनं पाटी हातात घेतली, पण मुळाक्षरं पुरी होईपर्यंत माझ्याकडे वर पाहिलं नाही.

शकू वाचली. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि जानीचेही, जिचं मी ऐकलं नव्हतं. शकूला आता नातवंडं आहेत.

पण दवाखान्यातला एक दिवस सांगायचा राहिला. तिसरा आठवडा संपत आला होता. दुपारची पेज घेऊन मी बसलो. नाकातून येणं थांबलं होतं. तिनं "एक" म्हटलं आणि घोट घेतला. मी सवयीनं वाटी घेऊन उठायला लागलो. तिनं माझं मनगट धरलं. हातात फार जोर नव्हता.

"दोन," ती म्हणाली, आणि वाटी स्वतःकडे ओढून तो घोट तिनंच घेतला. गिळून होईपर्यंत डोळे मिटून पडून राहिली. रडली नाही.

मग हळूच म्हणाली, "त्याचाही मीच घेते, नाना. तिकडं सांडू नका. आवाज येतो."