मॅट कोणी झाडायची

"मॅट का झाडली नाहीस?"

ज्युडोच्या सरांनी हे मला नाही विचारलं, माझ्या मुलीला विचारलं. तिथं असलेल्या पंचवीस-तीस पोरांसमोर, त्यांना सोडायला आलेल्या आईबापांसमोर. मुलगी बारा वर्षांची. कमरेला पिवळा पट्टा. शाळेचा पेपर लांबला म्हणून सायकल हाणत धापा टाकत आली होती. सरांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि तिच्यापुढं धरला.

"आई नाही आली तर तू. तुमच्यातलं कुणीतरी पाहिजे ना."

आई आली होती. मी दारातच उभी होते. लोणारची फेरी उशिरा सुटली, म्हणून डेपोतून तडक आले होते, अंगावर कंडक्टरची खाकी तशीच. एका हातात बूट, दुसऱ्या हातात ज्युडोच्या जाड पांढऱ्या कपड्यांची पिशवी. सरांना मी दिसले नाही. मुलीला दिसले. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मान खाली घातली, झाडू घेतला आणि कोपऱ्यापासून झाडायला लागली.

तो झाडू तिच्या हातात सरांनी दिला, असं सांगून मी मोकळी होऊ शकते. पण ते अर्धंच खरं आहे. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा तो झाडू मी उचलला होता. कुणी न सांगता.

माझं माहेर जानेफळकडचं. गावात तालीम होती, चांगली पत्र्याची, आत तांबडी माती. आम्हा बौद्धांच्या पोरांना तिच्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. मग माझा बा विहारासमोरच्या मोकळ्या जागेत लाठी शिकवायचा. लाठी, दुहेरी काठी, दांडपट्टा. बाची एक पद्धत होती. खेळायच्या आधी जागा तो स्वतः झाडायचा. शिष्यांना झाडूला हात लावू देत नसे. अनवाणी पायांनी पोरं उड्या मारणार, तर काच कुठं आहे, बाभळीचा काटा कुठं आहे, जमीन कुठं खचली आहे, हे उस्तादाच्या तळपायाला ठाऊक पाहिजे. कोपऱ्यापासून सुरू करायचं, मागं मागं सरकत यायचं, आणि झाडलेल्या जागेवर उघडा पाय फिरवून बघायचा. "ज्याच्या भरवशावर पोरं नाचतीन, त्यानंच झाडाव," असं तो म्हणायचा.

मी अठरा वर्षांची झाले, तेव्हा एका सकाळी बानं माझ्या हातात झाडू दिला. काठी नाही, झाडू. आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून मी उस्ताद. त्याच्या हातून असा झाडू घेणारी पोरगी माझ्याआधी झाली नव्हती. घरी येऊन मी रडले होते, आनंदानं.

लग्नानंतर मेहकरला आले. नवरा पुण्याकडं कंपनीत, मी एसटीत. आमच्या वस्तीतल्या मुलींना मी वीस वर्षं लाठी शिकवते आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आमचं पथक पुढं असतं. माझ्या हातात पट्टा फिरायला लागला की बघणारे आपोआप चार पावलं मागं होतात. हे सगळं एवढ्यासाठी सांगते आहे, की मी ज्युडोच्या क्लासला गेले ती काहीच येत नसलेली बाई म्हणून नाही गेले.

मुलीनं शाळेत ज्युडोचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि हट्ट धरला. मी तिला घेऊन गेले. सर म्हणाले, पालकांनाही शिकता येईल, मोठ्यांची एक रांग असते. एकोणचाळिसाव्या वर्षी मी पांढरा पट्टा बांधला. मुलगी खदाखदा हसली. पहिले तीन आठवडे आम्ही नुसत्या पडत होतो. मागं पडा, कुशीवर पडा, पडताना हात मॅटवर आपटा. लाठीत पडला तो संपला. इथं पडण्यापासूनच सुरुवात. माझं वीस वर्षांचं सगळं ज्ञान इथं आडवं येत होतं. काठी माणसाला लांब ठेवते, आणि ज्युडोत समोरच्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढावं लागतं, इतकं जवळ की त्याचा श्वास तोंडावर येतो. मला आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

आणखी एक आवडलं. कुस्ती धरण्याआधी दोघांनी एकमेकांसमोर वाकायचं. बा म्हणायचा, कुणापुढं वाकायचं नाही. पण इथं दोघंही एकाच वेळी वाकतात. एक वाकलेला आणि एक ताठ, असं होत नाही. मी बाला हे सांगितलं तेव्हा तो विचारात पडला आणि म्हणाला, "मंग चालते."

तर पहिल्या दिवशी मी लवकर पोचले होते. मॅटवर धूळ होती, कोपऱ्यात झाडू होता. लहान पोरं उघड्या पायांनी येणार होती. मी झाडू घेतला आणि कोपऱ्यापासून, मागं सरकत, पायानं चाचपत सगळी मॅट झाडून काढली. एक टाचणी सापडली, ती खिशात घातली. सर आले, बघितलं, "वा," म्हणाले. मला वाटलं जाणकारानं जाणकाराला ओळखलं. किती खुळी मी.

मग त्यांनी प्रवेशाचा फॉर्म पुढं केला. आडनाव वाचलं. "गाव कोणतं?" मी सांगितलं. "गावात कुठल्या बाजूला घर?" मी तेही सांगितलं. हा प्रश्न लोक कशासाठी विचारतात ते आम्हाला लहानपणीच कळतं. सरांनी मान डोलावली. त्यानंतर मी मॅट झाडली नाही असं त्यांनी कधी होऊ दिलं नाही.

भिंतीवर क्लासच्या नियमांचा फलक आहे. पाचवा नियम असा: सर्वांत नवीन विद्यार्थ्याने वर्गाआधी मॅट झाडावी. मी तो वाचला आणि मनाची समजूत घातली. नवीन मीच होते. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तक्रार कसली.

दोन महिन्यांनी एक डॉक्टरीणबाई मुलाला घेऊन आल्या आणि स्वतःही मोठ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. मग एक प्राध्यापक आले. मग कापडदुकानवाल्यांची सून. झाडू माझ्याकडंच राहिला. मी वाट बघत होते, सर आज सांगतील, उद्या सांगतील. डॉक्टरीणबाई माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असतील. त्यांनी एकदा बाकावर बसल्या बसल्या बोट दाखवलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, इकडं थोडं राहिलंय." दवाखान्यात लादी पुसणाऱ्या बाईला म्हणतात ती मावशी. मी त्यांच्याच पांढऱ्या कपड्यात होते, त्यांच्याच रांगेत उभी राहणारी होते. मी गेले आणि राहिलेलं झाडलं.

का गेलीस, असं कुणी विचारेल. बसमध्ये मी साठ माणसांना गप्प बसवते. डोणगावच्या थांब्यावर दारू पिऊन शिव्या देणाऱ्या एका धिप्पाड माणसाला मी एकटीनं कॉलर धरून खाली उतरवलं, आणि डबल बेल दिली. तीच मी सव्वापाचला त्या हॉलमध्ये गेले की माझी जीभ टाळूला चिकटायची. कारण अख्ख्या तालुक्यात हा एकच क्लास होता. बुलढाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होतात आणि तिथं कोण जाणार ती यादी सर करतात. आणि माझ्या पोरीला ज्युडो येत होतं. माझ्यासारखं शिकून शिकून नाही, तिच्या अंगातच ते होतं.

ती सगळं बघत होती. एकदा मी क्लासच्या दारात थांबले आणि म्हटलं, आज बोलतेच मी. तिनं माझा हात घट्ट धरला.

"आई, तू काही बोलू नको. सर माह्य नाव काढून टाकतीन."

मी नाही बोलले. त्याऐवजी आम्ही दोघी लवकर जायला लागलो. इतर कुणी यायच्या आत झाडून मोकळ्या. कुणी बघितलं नाही म्हणजे जणू झालंच नाही. आमच्या लाजेची वेळ आम्हीच ठरवून घेतली होती, रोज सव्वापाच. मला झोडपावंसं वाटतं स्वतःला, हे आठवलं की.

आणि आता मी दारात उभी होते आणि पोरगी झाडत होती. पोरं बाजूला सरकून तिला जागा देत होती. ती कोपऱ्यापासून सुरू झाली. मागं मागं सरकत आली. झाडलेल्या जागेवर तिनं उघडा पाय फिरवून बघितला.

ती बाची रीत होती. मी तिला कधी शिकवली नव्हती, तिनं माझं बघून उचलली. ज्या झाडण्यानं मी उस्ताद झाले, ते माझ्याच हातून मोलकरणीचं काम होऊन तिच्यापर्यंत पोचलं होतं. बाला हे दिसलं असतं तर त्यानं काय केलं असतं, मला माहीत नाही. माझं डोकं मात्र त्या क्षणी फिरलं.

मी बूट आणि पिशवी खाली ठेवली. खाकीतच मॅटवर गेले. पोरीच्या हातातून झाडू घेतला आणि सरांच्या पायाशी आडवा ठेवला.

"सर, पाचवा नियम वाचा."

"ताई, वर्गाची वेळ झाली आहे."

"वाचा."

ते वाचेनात. मग मीच मोठ्यानं वाचला, थांब्यांची नावं घेते तशा आवाजात. आणि विचारलं, आज सगळ्यात नवीन कोण आहे. सगळ्यांना माहीत होतं. कापडदुकानाची सून भिंतीकडं बघायला लागली. डॉक्टरीणबाई मोबाइलमध्ये. कुणी हसलंही नाही.

सर माझ्या जवळ आले. आवाज खाली आणला. त्यांना मला समजावायचं होतं, अगदी मायेनं.

"अहो, डॉक्टर, प्राध्यापक, त्यांना झाडू कसा देणार? तुम्हाला सवय असते, म्हणून तुम्हाला सांगतो. वाईट वाटून घेऊ नका."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं. हा माणूस मनापासून बोलत होता. त्याला यात काही चुकीचं दिसतच नव्हतं. इतके दिवस मी त्याच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत होते, शुद्ध, जपून. त्या वेळी तोंडातून माझंच आलं.

"सवय मले नाही सर. तुमाले झाली. आजपासून आमच्या दोघींचा हात या झाडूले लागणार नाही."

त्या दिवशी वर्ग झाला. अर्धवट झाडलेल्या मॅटवर झाला. मी कपडे बदलून रांगेत उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर वाकायचं होतं, त्या कापडदुकानाच्या सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

आठवड्यानं यादी लागली. पोरीचं नाव नव्हतं. जिला ती चारातून तीनदा पाडते, तिचं होतं. सरांनी कारण दिलं, शिस्त.

पोरगी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "तुह्यामुळं झालं हे." तिचं खरंच होतं. मी गप्प राहिले असते तर ती बुलढाण्याला गेली असती, जिंकली असती, आणि परत येऊन झाडू घेतला असता. यातलं कुठलं बरं, हे बारा वर्षांच्या लेकराला कुठल्या तोंडानं समजावू. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं जेवली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मी बाला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी मीच झाडू उचलला होता तेही. बा म्हणाला, "क्लास सोडू नको. सोडशीन त त्याले बरंच होईन."

म्हणून मी सोडलेला नाही. ड्युटी संपली की जाते. पाचव्या दिवशी पोरगीही आली. न बोलता कपडे बदलले, माझ्या शेजारी उभी राहिली. मॅटला आज तीन आठवडे झाडू लागलेला नाही. पडलं की धूळ उडते. प्राध्यापक शिंकतात. सगळ्यांचे पांढरे कपडे पाठीवर मळकट झाले आहेत. झाडू जिथं ठेवला होता, तिथून सरांनी तो पायानं कोपऱ्यात सरकवला. सर तो उचलत नाहीत. डॉक्टरीणबाई उचलत नाहीत. कुणीच उचलत नाही. एवढं साधं काम, हात लावायला एकाची तयारी नाही. मला वाटलं होतं यांना धुळीचा त्रास होतो. यांना धूळ चालते, झाडू चालत नाही.

मला धुळीचं काही नाही. मी मातीत खेळून मोठी झालेली बाई आहे.

वर्ग सुरू होताना सगळे वाकतात. मीही वाकते, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकीच. आणि सरळ झाले की सगळ्यांसमोर विचारते, "सर, माझ्या मुलीचं नाव यादीत का नाही, ते लिहून द्या." सर ऐकलं न ऐकल्यासारखं करतात. पोरगी परत आली त्या दिवशी लाजून माझ्यामागं सरकली होती. काल ती सरकली नाही.

पुढची यादी लागेल. तिच्या पुढचीही लागेल. सर आहेत तोवर मी आहे, आणि मी रोज विचारणार आहे.